मदत हवी आहे : आई ‘सॉरी’ म्हणाली, विमा कंपनीने क्लेम शून्यावर आणला (नॉर्थ कॅरोलायना)

रानजाई :

नमस्कार मंडळी. लांबलचक झालंय, पण तपशिलाशिवाय कोणाला काही सांगता येणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात राहतो. आई कराडहून सहा महिन्यांसाठी आली आहे, वय ६७. रोज सकाळी एक चक्कर मारते. पाच आठवड्यांपूर्वी, आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे ती फुटपाथवरून सरळ पलीकडच्या फुटपाथकडे निघाली होती. पट्टे आखलेले नाहीत, पण गल्लीतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना स्टॉप साइन आहे. तिथे एक गाडी उभी होती. आईला वाटलं, आपल्यासाठीच थांबली. चालवणाऱ्या मुलीला उजवीकडे वळायचं होतं, त्यामुळे तिचं सगळं लक्ष डावीकडून येणाऱ्या वाहनांवर. रस्ता मोकळा दिसला तशी तिने गाडी काढली. आई उजव्या बाजूने आलेली, तेव्हा बरोबर बंपरसमोर.

गुडघ्याखालचं हाड मोडलं, प्लेट टाकली. मनगटालाही बारीक फ्रॅक्चर. अँब्युलन्स, ईआर (तातडीचा विभाग), ऑपरेशन धरून बिलं ८० हजार डॉलरच्या वर गेलीत. प्रवासाचा विमा होता, पण तो ‘फिक्स्ड’ प्रकारातला निघाला. ऑपरेशनला इतके, खाटेचे दिवसाला इतके. त्यातून एक तुकडा निघेल.

आता खरी गंमत. ती मुलगी कॉलेजातली. उतरून हमसाहमशी रडायला लागली. आणि आमच्या मातोश्री, पाय मोडलेला, रस्त्यात बसलेल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतात, “सॉरी सॉरी, माय मिस्टेक, डोन्ट क्राय.” पोलीस येऊन उभा राहिलाय समोर.

चौथ्या दिवशी त्या मुलीच्या विमा कंपनीचा फोन आला, मी औषधं आणायला गेले होते आणि आईने उचलला. गोड बोलणारी बाई. कॉल रेकॉर्ड करू का? येस येस. गाडी दिसली होती का? “आय डिड नॉट सी.” तिला म्हणायचं होतं, गाडी कधी सुटली ते दिसलं नाही. कानात काही होतं का? होतं. एका कानात हरिपाठ.

गेल्या मंगळवारी पत्र आलं. जखमी व्यक्तीनेही पुरेशी काळजी घेतली नव्हती, सबब काहीही देय नाही. मी धरून चालले होते की फार तर दहा-वीस टक्के कापतील. दोन वकिलांनी फोनवरच नाही म्हटलं. आता काही करता येतं का? आणि आई परत गेली की विषय संपला का?

टेक्सनकाका :

घाबरू नका. चूक ५० टक्क्यांपर्यंत असेल तर भरपाई मिळते, फक्त तेवढा वाटा वजा होतो. आमच्या शेजाऱ्याला मिळाली.

पिंपळपान :

काका, ते तुमच्या टेक्सासात. नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, मेरीलँड आणि अलाबामा ही चार राज्यं अजून जुन्या नियमावर आहेत. तुमची एक टक्का चूक सिद्ध झाली तरी हातात शून्य. वॉशिंग्टन डीसीतही हेच होतं, पण तिथे २०१६ च्या कायद्याने पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना सूट मिळाली. मेरीलँडच्या वरच्या कोर्टाने २०१३ मध्ये ‘बदल करायचा तर विधिमंडळाने करावा’ म्हणून हात झटकले.

रानजाई, मी तुमच्याजवळच राले शहरात राहते, वकील नाही. सात वर्षं विमा कंपनीत क्लेम बघत होते, म्हणजे त्या गोड बाईच्या खुर्चीत. ते पत्र म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. तुमच्या आईची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने समोरच्या पक्षावर आहे. नुसती चूक दाखवून भागत नाही, त्या चुकीमुळे अपघात झाला हेही दाखवावं लागतं. आता हरिपाठाचं बघा. गाडी उभी होती. दोन्ही कान मोकळे असते तरी उभ्या गाडीचा काय आवाज येणार होता? हा मुद्दा वकिलाला सुचेलच असं धरू नका, तुम्ही मांडा.

दुसरं, पट्टे नाहीत म्हणून आई चुकीच्या जागी होती असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. सिग्नल नसलेल्या चौकात न आखलेल्या क्रॉसिंगवरही पायी माणसाला वाट देणं इथल्या कायद्याने ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. गल्लीचं तोंडही त्यात येतं.

तिसरं, ‘लास्ट क्लिअर चान्स’. पायी माणूस धोक्यात आहे हे ड्रायव्हरला दिसायला हवं होतं आणि अपघात टाळायला वेळही होता, असं दाखवता आलं तर त्या माणसाची आधीची चूक आड येत नाही. उजवीकडे एकदा मान वळवली असती तर त्या मुलीने ब्रेकवरचा पाय उचलला असता का?

व्हिडिओ आहे का? आजच्या आज समोरच्या घरांच्या दारावरचे कॅमेरे बघा. बऱ्याच जणांचं रेकॉर्डिंग एक-दोन महिन्यांत आपोआप पुसलं जातं. तुमचे पाच आठवडे गेलेत.

नाना_वाईकर :

मी सातारा कोर्टात मोटार अपघात दाव्यांचं काम करतो. आपल्याकडे न्यायाधिकरण कोणाची किती टक्के चूक ते ठरवतं आणि तेवढी रक्कम कापतं, अख्खा दावा बुडत नाही. हा सगळा-नाहीतर-काही-नाही प्रकार मूळचा इंग्लंडचा, १८०९ सालचा. रस्त्यात आडव्या टाकलेल्या वाशाला घोडेस्वार धडकला. तो बेफाम दौडत होता म्हणून भरपाई नाही. पुढे १८४२ मध्ये पाय बांधून रस्त्यात सोडलेल्या गाढवाला गाडी चिरडून गेली. तिथे कोर्ट म्हणालं, गाढव तिथे सोडणं चूक असेल, पण गाडीवानाला टाळता येत होतं. वर ताईंनी सांगितलेला ‘लास्ट क्लिअर चान्स’ ही त्या गाढवाची देणगी. सगळा-नाहीतर-काही-नाही हा नियम खुद्द इंग्लंडने १९४५ मध्ये सोडला, अमेरिकेतली चार राज्यं धरून बसलीत.

रानजाई :

पिंपळपान, रडू आलं वाचून. नाना, आईला गाढवाची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच हसली. (म्हणाली, “म्हणजे मी कोण?”) पण ‘माय मिस्टेक’चं काय? ते तर पोलिसासमोर म्हणाली, आणि ‘आय डिड नॉट सी’ रेकॉर्डवर आहे.

पिंपळपान :

ते जड जाईल, खोटं कशाला सांगू? पण कोणत्या भाषेत, कोणत्या अवस्थेत, दुभाषा नसताना काय बोललं गेलं, हे ज्युरीपुढे मांडता येतं. रडणाऱ्या पोरीला गप्प करायला सॉरी म्हणणं निराळं, चूक कबूल करणं निराळं. त्या कॉलच्या रेकॉर्डिंगची प्रत लेखी मागा. यापुढे त्या कंपनीशी आईने एक शब्द बोलायचा नाही. समोरच्याच्या विमा कंपनीला जबाब देण्याचं बंधन तिच्यावर तेव्हाही नव्हतं. इयरफोन लपवायचा विचारही करू नका, एक खोटं सापडलं की बाकीचं खरंही जातं.

अॅशबर्नची_सई :

आम्ही व्हर्जिनियात यातून गेलोय. तीन वकिलांनी नाकारलं, चौथ्याने घेतलं, कारण आम्ही फोटो, पोलीस रिपोर्ट आणि साक्षीदाराचा नंबर घेऊनच गेलो. फी जिंकल्यावर, साधारण तिसरा हिस्सा, म्हणूनच ते कमकुवत केस फोनवर टाळतात. आमच्याकडे दाव्याला दोन वर्षं मुदत, तुमच्याकडे तीन. आई भारतात गेली तरी दावा मरत नाही, जबाब बहुतेक व्हिडिओवर देता येतो. पाय बरा होईस्तोवर थांबायचं असेल तर आय-९४ ची (इथे किती दिवस राहता येईल त्या नोंदीची) तारीख संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज टाका.

तुमच्या स्वतःच्या कारच्या पॉलिसीत ‘मेडपे’, म्हणजे अपघातातल्या उपचारांचा खर्च देणारा भाग, आहे का तेही बघा. त्यात चूक कोणाची हे विचारत नाहीत. पाहुणी आई ‘घरातली’ धरतात की नाही यावर वाद होईल, तरी अर्ज करा. आणि हॉस्पिटल ना-नफा असेल तर फायनान्शियल असिस्टन्सचं धोरण ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. फॉर्म मागा, पहिल्या बिलावर क्रेडिट कार्ड घासू नका.

रानजाई (दोन दिवसांनी) :

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजोबांकडे व्हिडिओ निघाला! आणखी नऊ दिवसांनी पुसला गेला असता. आई फुटपाथवरून खाली उतरते, थांबते, गाडीकडे बघते, मग चालायला लागते. बघते हो! स्वच्छ दिसतंय. तीन प्रती करून ठेवल्यात. काल एका वकिलाने तो बघून गुरुवारी बोलावलंय, दुभाषी स्वतः आणणार म्हणाला.

आता अडचण आईचीच. दावा नको म्हणते. “त्या पोरीच्या आईबापांनी कुठून आणायचे एवढे पैसे?”

पिंपळपान :

त्यांना सांगा, हप्ते आधीच भरलेत त्या पोरीच्या घरच्यांनी, ते ह्याचसाठी. देणार कंपनी, तेही पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत. १ जुलै २०२५ पासूनच्या नव्या किंवा नूतनीकरण झालेल्या पॉलिसींना इथे माणशी किमान ५० हजार डॉलर आहेत, आधी ३० होते. तिची कुठली आहे ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

रानजाई :

सांगितलं. गुरुवारी यायला तयार झाली आहे, पण एका अटीवर. वकिलाने त्या पोरीला ओरडायचं नाही.