ख्रिस्तपुराण: मराठीचं कौतुक पुरे, शिकवण कधी वाचणार?

ओवीप्रेमी (धागाकर्ता):
फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं बायबलची कथा ओव्यांत सांगितली, त्या ख्रिस्तपुराणाचं नाव निघालं की मराठीची थोरवी गाणाऱ्या चार ओव्या फेकल्या जातात आणि विषय संपतो. ग्रंथ आहे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा! १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेला. माझ्या मते हे आधी धर्मशिक्षणाचं पुस्तक, मग काव्य. सुरुवातीलाच नवा ख्रिस्ती झालेला एकजण पाद्रीगुरूला विचारतो, आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचं काय? पुढचा सगळा ग्रंथ म्हणजे त्याला दिलेलं उत्तर. तो प्रश्नच गाळून नुसत्या भाषेच्या आरत्या कशाला ओवाळायच्या?

फटकळ:
'बंद केलीत' किती सहज लिहून गेलात हो! १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी दक्षिण गोव्याच्या साष्टी भागातली देवळं पाडली. १५८३ ला तिथल्याच कुंकळ्ळीत स्टीफन्सच्या जेझुइट संघाचे पाच धर्मप्रचारक मारले गेले, तर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याला बोलावून कापून काढलं. स्टीफन्स १५७९ पासून गोव्यातच होता, त्याला हे ठाऊक नसेल? आधी पोथी काढून घ्यायची आणि मग आपली हातात ठेवायची, याला मी शिकवण म्हणत नाही.

साष्टीकरीण:
फटकळ, इतिहास कोण नाकारतंय? पण ऐकणाऱ्यांना तुम्ही हिशेबातच धरत नाही. १६४९ आणि १६५४ ला हे पुराण पुन्हा छापावं लागलं. पुढे गोवा सोडून मंगळुरास गेलेल्यांच्या वंशजांकडे या पुराणाच्या हातानं उतरवलेल्या पोथ्या होत्या, १९०७ ची मंगळुरी आवृत्ती त्यांवरूनच निघाली. तिथे कुठला पोर्तुगीज व्हाइसरॉय बसला होता डोक्यावर? धाकानं माणूस चर्चमध्ये येईल, रात्र रात्र बसून ओव्या उतरवून काढणार नाही.

ओवीप्रेमी:
+१. आणि मांडणी बघा ना. पोथीत गणेश-शारदेला वंदन असतं त्या जागी इथे 'नमो विश्वभरिता' म्हणत देवबापाला नमन. मग पहिल्या पुराणात सृष्टीपासूनचा बायबलमधला जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. रोजच्या प्रार्थना आणि गुरुशिष्यांची प्रश्नोत्तरं मात्र त्यानं वेगळ्या पुस्तकात, कोकणीत दिली. ते १६२२ ला निघालं, तो गेल्यावर. म्हणजे पाठ करायचं ते घरच्या बोलीत आणि कथा ऐकायची ती पोथीच्या मराठीत. शिकवणाऱ्याला माणसं कळली होती.

फटकळ:
माझा आक्षेप नेमका त्या कळण्यावरच आहे! आणि एवढं भाषाप्रेम होतं तर १६८४ ला स्थानिक भाषा सोडा असं फर्मान का निघालं?

ओवीप्रेमी:
सरकारी फर्मान ते, स्टीफन्स वारल्यावर ६५ वर्षांनी निघालेलं. त्यानं स्वतः १६०८ मध्ये रोमला आपल्या संघाच्या प्रमुखाला पत्र लिहून इथल्या लिपीत पुस्तकं छापायची इच्छा कळवली होती. त्या लिपीचे छपाईचे खिळे काही झाले नाहीत, म्हणून हे मराठी पुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं. दोघांना एकाच तागडीत घालू नका.

फटकळ:
स्टीफन्सचं प्रेम खरं असेल, मान्य. देवळं पाडणारे आणि पुराण सांगणारे एकाच जहाजातून उतरले, हेही खरं. दोन्ही एकदम छापणारी प्रस्तावना दाखवा, मग वाचतो.

नवखा_वाचक:
भांडण चालू द्या, पण देवनागरीत मिळतं का हे?

साष्टीकरीण:
शांताराम बंडेलूंची १९५६ ची आवृत्ती देवनागरीतच आहे, जुन्या ग्रंथालयात विचारा. दुसऱ्या पुराणापासून धरा, पहिल्यात वंशावळींनी दमाल.