आजोबांचे रंगांधत्व मुलाला न येता मुलीच्या मुलाला कसे आले?

प्रश्न – यंत्रमागधारक, सोलापूर

आमचा सोलापुरात टॉवेल आणि चादरींचा व्यवसाय आहे. माझ्या वडिलांना लाल आणि हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे रंगवलेल्या सुताच्या कोनवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ते माल मागावर चढवू देत नाहीत. मला आणि माझ्या मुलाला मात्र सर्व रंग व्यवस्थित दिसतात. नुकताच माझा भाचा, म्हणजे सख्ख्या बहिणीचा मुलगा, रेल्वेत लोको पायलटच्या पदासाठी वैद्यकीय तपासणीला गेला असता त्याला ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचता आले नाहीत आणि तो त्या पदासाठी अपात्र ठरला. वडिलांचा दोष यायचाच तर तो मुलाकडे यायला हवा होता, लेकीच्या घरी कसा गेला, असे घरात विचारले जाते. काही नातेवाईक तर बहिणीलाच बोल लावतात आणि त्याचे मला फार वाईट वाटते. शिवाय भाचीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. तिच्या मुलांनाही हा दोष येईल का, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर – जीवशास्त्राची शिक्षिका

आपल्या घरात जे घडले ते आनुवंशिकतेच्या नियमाला धरूनच आहे. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे, म्हणजे 23 जोड्या असतात. त्यांपैकी 22 जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्या असतात. तेविसाव्या जोडीत स्त्रीकडे दोन एक्स, तर पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय असतो. वडील मुलाला वाय देतात आणि मुलीला एक्स देतात. लाल आणि हिरवा प्रकाश टिपणाऱ्या दृष्टिपटलातील रंगद्रव्यांची जनुके एक्सवर, त्याच्या लांब भुजेच्या टोकाजवळ आहेत, वायवर ती नाहीत. म्हणून आपल्या वडिलांचा सदोष एक्स आपल्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. आपला एक्स आईकडून आला आणि आपल्या मुलाचा त्याच्या आईकडून. बहिणीला मात्र वडिलांचा एक्स मिळालाच, कारण त्यांच्याजवळ मुलीला देण्यासाठी दुसरा एक्स नव्हता.

हीच जनुके इतक्या वेळा का बिघडतात, याचे कारणही मला सांगावेसे वाटते, कारण पाठ्यपुस्तकांत ते सहसा येत नाही. लाल आणि हिरव्या रंगद्रव्यांची जनुके गुणसूत्रावर एकमेकांना लागून आहेत आणि त्यांची रचना जवळजवळ सारखी आहे. स्त्रीच्या शरीरात बीजांड तयार होताना दोन एक्स समोरासमोर येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात. त्या वेळी या सारखेपणामुळे एका एक्सवरचे लाल जनुक दुसऱ्यावरच्या हिरव्याशी जुळू शकते. मग अदलाबदल विषम होते. एखाद्या एक्सवरून एक जनुक गळते किंवा दोन्हींच्या तुकड्यांचे मिश्र जनुक तयार होते. निळ्या रंगद्रव्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर, एकटे आहे. निळा रंग न दिसण्याचा जन्मजात दोष फार विरळ असतो, तो यामुळेच. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत लाल-हिरव्या रंगांचा दोष सुमारे 8 टक्के पुरुषांत, तर स्त्रियांत जेमतेम अर्ध्या टक्क्यात आढळतो.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. पण बहिणीकडे तो एक्स असूनही तिला रंग व्यवस्थित दिसतात. चांगला एक्स सदोष एक्सला दाबून टाकतो का?

उत्तर – पॅथॉलॉजिस्ट

तसे होत नाही. स्त्रीच्या गर्भावस्थेत, अगदी सुरुवातीच्या दिवसांतच, प्रत्येक पेशीतील दोनपैकी एक एक्स मिटवला जातो, म्हणजे तो पेशीत राहतो पण काम करेनासा होतो. कोणता मिटायचा हे त्या त्या पेशीत योगायोगाने ठरते आणि त्या पेशीपासून पुढे तयार होणाऱ्या सर्व पेशी तीच निवड पाळतात. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी हा विचार 1961 मध्ये मांडला. मिटलेल्या एक्सचा गडद ठिपका मरे बार आणि बर्ट्राम यांनी 1949 मध्येच मांजरीच्या चेतापेशींत पाहिला होता. यामुळे आपल्या बहिणीच्या दृष्टिपटलात काही ठिकाणी वडिलांचा एक्स चालू आहे, तर काही ठिकाणी आईचा. आईच्या एक्सवर चालणाऱ्या शंकुपेशी, म्हणजे दृष्टिपटलातील रंग टिपणाऱ्या पेशी, रंग ओळखण्यास पुरेशा ठरतात. काही वाहक स्त्रियांना, म्हणजे दोनपैकी एक एक्स सदोष असलेल्या स्त्रियांना, बारीक छटांत किंचित अडचण येते, पण बहुतेकींना ती जाणवतही नाही.

नातेवाइकांच्या बोलण्याविषयीही लिहितो. आपल्या दोन एक्सपैकी कोणता बीजांडात जाईल, यावर कोणत्याही स्त्रीचा ताबा नसतो. मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणारी घरे मी आपल्या शहरात आजही पाहतो, तिथेही हेच सांगावे लागते. आईकडे देण्यासाठी एक्सच असतो. मुलगा होणे हे शुक्राणूतून आलेल्या वायवर अवलंबून असते, आणि वायवरच्या ज्या जनुकामुळे गर्भात वृषणे घडू लागतात, ते एसआरवाय जनुक 1990 मध्ये सापडले.

उत्तर – जीवशास्त्राची शिक्षिका

भाचीविषयी लिहायचे राहिले होते. तिच्या वडिलांना रंग नीट दिसत असतील तर तिला स्वतःला हा दोष असणार नाही, कारण त्यांचा निर्दोष एक्स तिच्याकडे आलेला आहे. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला दोष येण्याची शक्यता पुन्हा निम्मी, म्हणजे आज पाहता चारात एक. तिच्या मुलीत दोष दिसायचा असेल तर भाची वाहक असावी लागेल आणि होणाऱ्या जावयांनाही हा दोष असावा लागेल. या दोषाने डोळे अधू होत नाहीत आणि तो वयाबरोबर वाढतही नाही, त्यामुळे लग्नाची बोलणी थांबवण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

भाच्याची रंगदृष्टी नेत्रतज्ज्ञाकडून एकदा सविस्तर तपासून घ्यावी. रेल्वे भरतीच्या जाहिरातीत प्रत्येक पदापुढे वैद्यकीय श्रेणी दिलेली असते. सिग्नल ओळखण्याशी संबंध नसलेल्या कार्यालयीन पदांची श्रेणी वेगळी असते, तेव्हा पुढचा अर्ज भरताना तो रकाना त्याने आधी वाचावा.