बी विंग ग्रुप: डासांची कॉइल कोण कोण लावतं?

नेहा (४०३): डॉक्टरांकडून आत्ताच आले. माझ्या अथर्वचा खोकला तिसऱ्या आठवड्यातही तसाच, वर वजन वाढलेलं. खाण्यापिण्याचं नंतर विचारलं, आधी म्हणाले, "रात्री खोलीत काय जाळता?" मी गप्पच. पलंगाखालच्या ताटलीत कॉइलच्या राखेचं वेटोळं रोज सकाळी मीच उचलते.

जोशी काका (१०१): अगं, आम्ही जन्मभर कॉइल लावली. पोरं ठणठणीत आहेत.

शर्वरी (३०२): काका, तुमच्या वाड्यात दारं-खिडक्या सताड उघडी. इथे एसीसाठी सगळं बंद. बंद खोलीतली एक कॉइल म्हणजे सूक्ष्म कणांच्या हिशोबाने जवळपास १०० सिगारेटी, हे आपल्या पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवींनी कधीच सांगितलं होतं.

जोशी काका: १००? मी तर दिवसाला चारच ओढायचो 😄

मंदार (२०४): खोकल्याचं पटलं. पण धुराने वजन? ते वडापावने वाढतं हो.

शर्वरी: मुख्य कारण तेच, वाद नाही. पण न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाने गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजायची सॅक दिली होती. जिच्या श्वासात धुरातली पीएएच रसायनं जास्त, तिचं मूल ५ आणि ७ वर्षांचं असताना लठ्ठ असण्याची शक्यता जास्त दिसली. २०१२ चा अभ्यास. संबंध दिसला, म्हणजे धुरानेच वजन वाढतं असं सिद्ध झालं नाही.

मंदार: आणि चुलीच्या धुराने तर बाळं कमी वजनाची होतात म्हणतात. नक्की काय समजायचं?

शर्वरी: तेही सरळ नाही. भारतासह (आपल्याकडे तामिळनाडूत) चार देशांत ३,२०० गरोदर बायकांची चाचणी झाली, निम्म्यांना गॅस दिला. २०२२ मध्ये निकाल आला, बाळांच्या जन्मवजनात म्हणावा तसा फरक नाही! म्हणून मी वजनावर भांडत नाही. दम लागणारं पोर खाली खेळायला उतरत नाही, मला तेवढं पुरे.

स्मिता (५०१): चिमणीचंही बोला. आवाज होतो म्हणून फोडणीला बंद ठेवायचे मी. परवा जाळी धुतली, तेल काकवीसारखं ओघळलं 🤢 आणि आमची बिनपाइपची, म्हणजे हवा फिरून घरातच.

नेहा: आजपासून कॉइल बंद. मच्छरदाणी कुठे चांगली मिळते?

जोशी काका: विकत कशाला घेतेस? माळ्यावर दोन आहेत. एकीला भोक आहे, काकू शिवून देतील. अथर्वला पाठव संध्याकाळी. जिन्याने पाठव, लिफ्टने नको.