मुलीच्या सॉफ्टबॉल टीमचे सर मुलींना खोटं ओरडायला शिकवतात. सरांशी कसं बोलू?

कोपरखैरणेकरीण

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, आधीच माफी मागते.

माझी लेक आठवीत आहे. दोन वर्षं सॉफ्टबॉल खेळते, कॅचर आहे. खेळ माहीत नसलेल्यांसाठी: क्रिकेटचा विकेटकीपर असतो तशी ती बॅटरच्या मागे उकिडवी बसते, तोंडाला मास्क, छातीला आणि पायाला गार्ड. शाळेसाठी चार हाका माराव्या लागतात, प्रॅक्टिसला पहाटे साडेपाचला स्वतः उठून पाण्याची बाटली भरून दारात उभी असते. त्यामुळे 'खेळ सोडवा' हा सल्ला कृपया नको.

गेल्या शनिवारी ठाण्यात १४ वर्षांखालच्या मुलींची मॅच होती. समोर पालिकेच्या शाळेची टीम. मुली चुणचुणीत होत्या, पण निम्म्या जणी साध्या कॅनव्हासच्या बुटात. तिसऱ्या इनिंगला आमचे अकरा रन झाले होते, त्यांचे दोन. म्हणजे मॅच आमच्या खिशात होती, हे लक्षात ठेवा.

त्यांची एक बारकी मुलगी सेकंड बेसवर होती (रन पूर्ण करायला चार बेस गाठावे लागतात, त्यातला दुसरा), लाल रिबिनीच्या दोन वेण्यांची. बॅटरनं बॉल मारला तो थर्ड बेसच्या रेषेला अगदी चिकटून गेला. फक्की उडालेली मी पाहिली, म्हणजे बॉल आतच होता. ती रिबिनवाली पळत सुटली. तेवढ्यात जोरात आवाज आला, "फाउल! फाउल!" फाउल म्हणजे बॉल रेषेबाहेर, धावणारीनं परत मागच्या बेसवर जायचं. ती थांबली. बिचारी मान खाली घालून, हातानं ड्रेस झटकत चालत परत सेकंडकडे निघाली. आमच्या टीममधल्या एकीनं बॉल उचलून तिकडे फेकला आणि दुसरीनं तिला टॅग केलं, म्हणजे हातातला बॉल अंगाला लावला. आउट.

फाउल पंचांनी दिलाच नव्हता. ओरडली होती माझी लेक.

त्यांच्या बाई धावत आल्या, तरुण होत्या, बहुतेक पीटीच्याच. पंचांशी बोलायला लागल्या तर आमच्या बाजूचे पालक हुर्यो करायला लागले. एक बाबा स्टीलची बाटली जाळीवर आपटत होते. आणि मी, होय मीच, मोठ्यांदा म्हणाले, "मॅडम, नियम वाचून या!" मला स्वतःला नियम ओ की ठो माहीत नव्हता.

रात्री सरांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या प्रसंगाचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलेलं 'गेम सेन्स' आणि आगीचे तीन इमोजी. पाठोपाठ अंगठ्यांची रांग. मी तो इयरफोन लावून पाहिला. आधी लेकीचा आवाज, मास्कमुळे थोडा घुमलेला. मग टाळ्या. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून माझा आवाज. इतका कर्कश की आधी वाटलं दुसरंच कोणीतरी आहे.

लेकीला विचारलं, असं का केलंस? म्हणाली, "सरांनी शिकवलंय. बुधवारी प्रॅक्टिस पण घेतली ह्याची." आणि वर, "तू पण ओरडत होतीस ना?"

नवरा म्हणतो जिल्ह्याच्या ट्रायल्स तोंडावर आहेत, आत्ता सरांना दुखवू नकोस, पोरीला बेंचवर बसवतील. सासूबाई म्हणतात सरांना घरी जेवायला बोलाव आणि गोडीत सांग. सर वाईट नाहीत हो. एकदा तिचं बोट मुरगळलं तर स्वतःच्या स्कूटरवरून दवाखान्यात घेऊन गेले होते. म्हणूनच जास्त अवघड झालंय.

कोणाला असा अनुभव आहे का? कसं बोलावं?

---

सडेतोड_घोडबंदर

ताई, राग मानू नका, पण तुम्ही राईचा पर्वत करताय. स्पर्धा आहे, हळदीकुंकू नाही. समोरची मुलगी पंचाकडे न बघता आवाजावर थांबली, ही तिची चूक. पुढच्या वेळी थांबणार नाही, म्हणजे शिकलीच की. १९४७ साली सिडनीला विनू मंकडनी बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकर एंडला रनआउट केलं, तेव्हा केवढी बोंब झाली होती. आणि २०२२ मध्ये तोच रनआउट 'अनफेअर प्ले'च्या कलमातून काढून सरळ रनआउटच्या कलमात नेला. काल ज्याला चीटिंग म्हणायचे तो आज नियम आहे.

माझा मुलगा फुटबॉल खेळतो. तिकडे दहा वर्षांची पोरं पाय धरून लोळतात. सॉफ्टबॉल २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये परत येतंय. तिथपर्यंत जायचं स्वप्न बघायचं आणि पोरींना गोट्या खेळायला शिकवल्यासारखं वाढवायचं, हे जमणार नाही.

---

पंचगिरी

सडेतोड साहेब, क्रिकेटचंच काढलंत तर पुरतं काढा. क्रिकेटच्या ४१.५ कलमात बॅट्समनला मुद्दाम फसवणं किंवा त्याचं लक्ष विचलित करणं ह्याला पाच रनांचा दंड आहे. २०१७ पासून. बॉल हातात नसताना फेकल्याचं नाटक केलं तरी लागतो. मंकड नॉन-स्ट्रायकरला फसवत नव्हते, तो क्रीझ सोडून पुढे गेला होता. दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालू नका.

आता धागाकर्तीसाठी. मी ठाणे आणि नवी मुंबईत शालेय आणि क्लबच्या मॅचना पंच म्हणून बरीच वर्षं उभा राहिलोय. ही युक्ती का चालते ते सांगतो. फाउल असेल तर पंच दोन्ही हात वर करून मोठ्यानं ओरडतो. पण बॉल आत असेल तर तोंडानं अवाक्षर काढत नाही, फक्त हात मैदानाच्या आतल्या बाजूला दाखवतो. म्हणजे खऱ्या फेअर बॉलला मैदानात शांतता असते. त्या शांततेत जो ओरडेल त्याचं ऐकलं जातं. मोठ्या खेळाडूही क्षणभर थबकतात, हे तर बारा-तेराचं पोर. आणि धावणाऱ्या मुलीची पाठ किंवा बाजू पंचाकडे असते. तिनं हात बघायचा कधी?

सॉफ्टबॉलमध्ये बॉल हातात नसताना टॅग केल्याचं सोंग आणलं तर ते ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे धावणारीला अडवणं, धरतात. ओरडून थांबवणं मी त्याच पंक्तीत बसवतो. माझ्या मॅचमध्ये असं झालं तर धावणारीला अडवलं नसतं तर जो बेस मिळाला असता तो देतो आणि कोचला ताकीद देतो. दुसऱ्यांदा झालं तर कोच मैदानाबाहेर. तुमच्या पंचांनी का दिलं नाही हे मी सांगू शकत नाही. एकटेच असतील तर नजर रेषेवर असणार, कोण ओरडलं ते कळलंच नसेल. छोट्या स्पर्धांत एकच पंच असणं नेहमीचं आहे.

त्या बाईंचं काय चुकलं म्हणाल तर वाद घातला, प्रोटेस्ट म्हणजे रीतसर हरकत नोंदवली नाही. बॉल आत की बाहेर हा पंचाचा निर्णय, त्यावर प्रोटेस्ट होत नाही. पण नियम चुकीचा लावला असेल तर होतो, आणि तो पुढचा बॉल पडायच्या आत सांगावा लागतो. पण सगळीकडून हुर्यो चालू असताना माणसाला हे आठवत नाही. तुम्हीही त्यात होतात, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

सरांशी बोलताना 'खेळभावना' वगैरे शब्द काढू नका, हसतील. सरळ विचारा, "सर, उद्या कडक पंच मिळाला आणि ट्रायल्समध्ये माझ्या मुलीला ताकीद मिळाली तर?" ही भाषा कळते.

---

डावखुरी

पंचगिरींना अनुमोदन.

मी कळव्याची. शाळेत आणि कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, आता पीटी शिकवते. 'मॅडम, नियम वाचून या' हे मीही ऐकलंय, वेगळ्या मैदानावर, वेगळ्या आयांकडून. त्यामुळे ताई, तुमच्यावर थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. पण व्हिडिओत स्वतःचा आवाज ओळखलात.

आमच्या वेळची एक गोष्ट सांगते. ग्लोव्ह महाग आणि शाळेकडे मोजके. इनिंग संपली की आम्ही ग्लोव्ह मैदानातच आपापल्या जागेवर टाकून यायचो. समोरच्या टीमच्या मुली येऊन तेच घालायच्या. कोणी सांगावं लागत नसे. मी डावरी, माझा ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा, तो समोरच्यांच्या कोणाच्याच कामाचा नसायचा. तरी मी टाकून यायचे, सगळ्या टाकतात म्हणून! एकदा एक मुलगी तो उलटा घालून राइट फील्डला (मैदानाच्या मागच्या उजव्या बाजूला) उभी राहिली आणि कॅच पण घेतला. मी आमच्या बाकावरून टाळ्या वाजवल्या म्हणून सर ओरडले होते.

आता माझ्या शाळेची टीम घेऊन जाते तेव्हा ज्या टीम क्लबमधून येतात त्यांचे ग्लोव्ह इनिंग संपली की चेन लावून बॅगेत. महाग असतात, मान्य. पण मागितल्यावर "सरांनी नाही सांगितलंय" असं बारा वर्षांची मुलगी खाली बघत सांगते ना, ते मला त्या फाउलपेक्षा जास्त लागतं.

पालक असे का वागतात? सर्टिफिकेट, दुसरं काय. दहावीला क्रीडा गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ह्यात वाईट काही नाही. माझ्या शाळेतल्या मुलींसाठी तर तीच एक शिडी आहे. पण मग प्रत्येक रन म्हणजे मार्क आणि प्रत्येक पंच म्हणजे पेपर तपासणारा होऊन बसतो. त्याच शिडीवर ती रिबिनवाली पण उभी होती, एवढंच.

आणि मुली खेळ सोडतात त्या हरल्यामुळे नाही. नववी-दहावीत माझ्याकडच्या जेवढ्या सोडून गेल्या त्यातल्या बऱ्याच जणींनी सांगितलं, "मॅडम, घरी गेल्यावर परत मॅच सुरू होते."

अवांतर: सासूबाईंचा जेवणाचा सल्ला वाईट नाही. पण आधी बोला, मग जेवायला बोलवा.

---

कोपरखैरणेकरीण

सगळ्यांचे आभार. सडेतोड, तुमचेही, कारण सर जे जे म्हणणार होते ते तुम्ही आधीच म्हणून ठेवलंत, माझी तयारी झाली.

बोलले. रविवारी प्रॅक्टिस संपल्यावर मुली स्टेशनबाहेर वडापाव खायला गेल्या तेव्हा सरांना बाजूला गाठलं. पंचगिरींनी सांगितलं तसंच विचारलं, ट्रायल्समध्ये ताकीद मिळाली तर काय. सर आधी हसले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी बघतो." मी म्हटलं, आणि तो व्हिडिओ ग्रुपवरून काढा, त्यात मीच कशी दिसते ते मला बघवत नाही. त्यावर ते गप्प झाले. व्हिडिओ त्या रात्री गेला. पण चार जणांनी तो आधीच स्टेटसला ठेवलेला होता.

मग मी ग्रुपवर लिहिलं की शनिवारी मी जे ओरडले ते चूक होतं आणि समोरच्या टीमच्या मॅडमचा नंबर कोणाकडे असेल तर द्या. दोन तास कोणी काही बोललं नाही. मग एका आईनं 'गुड मॉर्निंग'चं फूल पाठवलं, संध्याकाळी सात वाजता. नंबर अजून मिळालेला नाही.

डावखुरी, ग्लोव्हचं लेकीला विचारलं. म्हणाली, आमचे पण बॅगेत ठेवायला सांगतात. मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मला वाटायचं टापटीप शिकवतायत.

आता गंमत ऐका. लेक माझ्यावर रुसलीय. सरांनी बुधवारी तिला कॅचर न ठेवता राइट फील्डला पाठवलं, का ते सांगितलं नाही. तिच्या मते सगळं माझ्यामुळे. "तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?" म्हणत दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. काल रात्री मात्र भांडी लावताना स्वतःहून आली. म्हणाली, "आई, सरांनी आता फाउल ओरडायचं नाही म्हणून सांगितलंय."

मी मनात म्हटलं, चला, झालं काहीतरी.

मग म्हणाली, "त्याऐवजी 'बाहेर! बाहेर!' ओरडायचं. मराठीत चालतं म्हणे."

---

पंचगिरी

पुढची मॅच कधी आणि कुठल्या मैदानावर आहे? व्यनि (खाजगी निरोप) करा.