निम्मं वर्ष पुण्यात राहणार असाल तरी ६५व्या वर्षी मेडिकेअरचे सगळे भाग घ्यावेत का?

पारिजातक (न्यू जर्सी)

नव्वदीच्या दशकात नोकरीसाठी अमेरिकेत आलेली आपली पिढी आता पासष्टीला पोचतेय. बहुतेकांचा बेत सारखाच: दिवाळी ते होळी पुण्यात नाहीतर ठाण्यात, उरलेलं वर्ष मुलानातवंडांजवळ इकडे. पासष्टीला मिळणारा अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा म्हणजे मेडिकेअर: पार्ट ए हॉस्पिटलच्या भरतीसाठी, बी डॉक्टर आणि भरतीशिवायच्या उपचारांसाठी, डी औषधांसाठी. त्याबद्दल गप्पांमध्ये तीन वाक्यं वारंवार कानावर येतात. "सोशल सिक्युरिटीची पेन्शन ६७ला घेणार आहे, मेडिकेअरचंही तेव्हाच बघू." "मेडिकेअर भारतात चालत नाही, मग पार्ट बीचे पैसे कशाला भरायचे?" आणि "औषधं तर मी पुण्याहूनच आणतो, पार्ट डी काय करायचाय?" ही तिन्ही वाक्यं मला धोक्याची वाटतात, म्हणून हा धागा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना पूर्ण सोशल सिक्युरिटी ६७ला मिळते, पण मेडिकेअरचं वय ६५च आहे. पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात येतो तो महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन, एवढ्या सात महिन्यांत नाव नोंदवायचं. पेन्शन सुरू नसेल तर कार्ड आपोआप घरी येत नाही, अर्ज आपणच करायचा.

दुसरं वाक्य अर्धं खरं आहे. पुण्यातल्या हॉस्पिटलचं बिल मेडिकेअर देत नाही, कबूल. पण पार्ट बी वेळेत घेतला नाही, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे प्रीमियम १० टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ जन्मभर राहते. यंदा, म्हणजे २०२६मध्ये, पार्ट बीचा नेहमीचा प्रीमियम महिना २०२.९० डॉलर आहे. नोकरी चालू असेल आणि कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर त्या ग्रुप विम्यावर थांबता येतं. नोकरी किंवा तो विमा, यातलं जे आधी संपेल तिथून बी घ्यायला आठ महिने मिळतात. इथे कोब्रावाल्यांनी, म्हणजे नोकरी सुटल्यावर कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवणाऱ्यांनी, फार सांभाळून राहावं. नोकरी गेल्यावर मिळणारं कोब्रा चालू नोकरीचा विमा म्हणून धरलं जात नाही. अठरा महिने कोब्रावर निवांत राहिलेल्या माणसाचे आठ महिने कधीच उलटून गेलेले असतात.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला वर्षातले काही महिने का होईना अमेरिकेत काढायचे आहेत, त्याने ए, बी, डी वेळेत घ्यावेत. शिवाय ॲडव्हान्टेज प्लॅनच्या (मेडिकेअरच खाजगी कंपनीमार्फत घ्यायचं) जाहिरातींना न भुलता मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप (मूळ मेडिकेअर देत नाही तो आपला वाटा उचलणारा खाजगी विमा) घ्यावा, कारण मेडिगॅप कंपन्यांना तुमची दुखणी न विचारता पॉलिसी द्यावी लागते ती पार्ट बी सुरू झाल्यापासून फक्त सहा महिने. न्यूयॉर्क, कनेक्टिकटसारखी मोजकी राज्यं सोडली तर नंतर तुमचा मधुमेह, स्टेंट सगळं तपासून नकार देता येतो.

सह्यकडा (कोथरूड, पुणे)

पारिजातकताई, तुम्ही लिहिलंय ते अमेरिकेत पाय असलेल्यांसाठी ठीक आहे. आम्ही दोघं कायमचे परतलो आहोत. पार्ट ए घेतला, कारण अमेरिकेतल्या नोकरीत ४० तिमाह्या, म्हणजे दहा वर्षं, कर भरल्यामुळे त्याला पैसे पडत नाहीत. पार्ट बी मुद्दाम नाकारला.

हिशेब मांडतो. आजच्या दराने एका माणसाचे पाच वर्षांचे पार्ट बीचे हप्ते होतात १२,१७४ डॉलर. पाच वर्षांनी परत जाऊन बी घेतला तर दंड ५० टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १,२१७ डॉलर. वाचलेले पैसे दंडात फिटायला दहा वर्षं लागतील, म्हणजे वय ८०. आणि परत गेलोच नाही तर सगळेच वाचले. त्याच पैशात इथे चांगली पॉलिसी येते. २०२४पासून विमा नियामकाने वयाची अट काढलीय, आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणलीय आणि २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

मेडिगॅपबद्दलही एक राहिलं. ते सहा महिने पार्ट बी सुरू झाल्यावर मोजायला लागतात. म्हणजे बी ७०व्या वर्षी घेतला तरी मेडिगॅपचं दार तेव्हा उघडंच असतं. भीती घालताना हेही सांगायला हवं.

पारिजातक

मेडिगॅपचा मुद्दा बरोबर आहे, सगळ्यांनी वाचावा असा. फक्त ७०व्या वर्षीचा प्रीमियम ६५पेक्षा चढा असतो.

हिशेबात मात्र दोन गोष्टी सुटल्या. दंड आजच्या प्रीमियमवर ठरून गोठत नाही, त्या-त्या वर्षीच्या प्रीमियमवर लागतो. २००६मध्ये पार्ट बी ८८.५० डॉलर होता, आज २०२.९०. हप्ते तुम्ही आजच्या दराने वाचवाल आणि दंड उद्याच्या दराने भराल, म्हणून दहा वर्षांच्या आधीच पारडं फिरेल.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. मुदत चुकलेल्याला पार्ट बीसाठी वर्षात एकच खिडकी असते, १ जानेवारी ते ३१ मार्च, आणि विमा लागू होतो त्याच्या पुढच्या महिन्यापासून. परदेशातून परतलात म्हणून वेगळी खिडकी उघडत नाही. समजा एप्रिलमध्ये पुण्यात कॅन्सरचं निदान झालं आणि मुलगी म्हणाली, "बाबा, इकडे या." तर फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडे फक्त पार्ट ए. हॉस्पिटलात भरती झालात तर त्याचं बिल निघेल; पण डॉक्टरांची फी, भरती न होता घेतलेली केमो, रेडिएशन, स्कॅन हे सगळं पार्ट बीमध्ये येतं. दहा महिने कुठला कॅन्सर थांबतो, दादा?

सह्यकडा

तशी वेळ आली तर उपचार इकडेच घेऊ. मुंबईला टाटा मेमोरियल आहे. आमचा निर्णय पैशापुरता नाही, आम्हाला म्हातारपण इथेच काढायचंय. पण निम्मं-निम्मं राहणाऱ्यांनी माझं अनुकरण करू नये, हे मलाही मान्य.

माणदेशी (टेक्सास)

ॲडव्हान्टेजला एका ओळीत मोडीत काढलंत, ते पटलं नाही. इथे सगळ्यांनी आयटीत आयुष्य काढलं असं नाही. आमचं छोटं दुकान होतं, शिल्लक बेताची. पार्ट बीचा हप्ता भरतोच आहोत, त्यावर मेडिगॅपचा वेगळा, पार्ट डीचा वेगळा, आणि दोघांचं गुणिले दोन! ॲडव्हान्टेजमध्ये आम्हाला वरचा प्रीमियम शून्य. औषधं त्यातच, दात आणि चष्म्याचंही थोडंफार मिळतं, जे मूळ मेडिकेअर देत नाही. वर्षाच्या खर्चाला मर्यादाही आहे. यंदा नेटवर्कमधल्या (प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या) उपचारांसाठी कुठलाही प्लॅन ९,२५० डॉलरच्या वर नेऊ शकत नाही. मेडिगॅप न घेता नुसतं मूळ मेडिकेअर ठेवलं तर बिलातल्या आपल्या २० टक्के वाट्याला मर्यादाच नाही. आज मेडिकेअरमधले निम्म्याहून जास्त लोक ॲडव्हान्टेजमध्ये आहेत. सगळे जाहिरातीला भुललेले नाहीत, परवडतं ते घेतात.

ओवी (कॅलिफोर्निया)

मी हॉस्पिटलात केस मॅनेजर आहे, रुग्णाला घरी किंवा रिहॅबला (पुनर्वसन केंद्रात) पाठवायची व्यवस्था बघते. माणदेशी काका, तुमचा पैशाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, आणि मर्यादेचाही. पण माझ्या बाजूने काय दिसतं ते सांगते. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी. सर्जन म्हणतो, रिहॅबला पाठवा. मूळ मेडिकेअर असेल तर मी त्याच दिवशी जागा शोधायला लागते. ॲडव्हान्टेज असेल तर आधी प्लॅनची मंजुरी, मग नेटवर्कमधली जागा, आणि शुक्रवार असेल तर सोमवारपर्यंत आजी तिथेच पडून. मंजुरी मिळाली तरी दर काही दिवसांनी "अजून गरज आहे का?" अशी विचारणा येते. अपील करता येतं आणि करावंच, पुष्कळ नकार अपिलात उलटतात. पण अपील करायला अंगात ताकद असलेलं कुणीतरी घरात लागतं.

भारतात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. ॲडव्हान्टेजच्या क्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर बहुतेक प्लॅन तुमचं नाव काढतात. दिवाळीला जाऊन अक्षय्य तृतीया करून येणाऱ्यांनी महिने मोजावेत.

माणदेशी

सहा महिन्यांचं माहीत नव्हतं, पोरी. आम्ही तीन महिन्यांवर कधी राहत नाही. मंजुरीचा त्रास मोठा आहे हे मान्य, तरी मेडिगॅपचा दरमहा हप्ता आमच्या आवाक्याबाहेर आहे. प्लॅन बदलणार नाही.

निळू फुलोरा (इलिनॉय)

पार्ट डीवर कुणी बोललंच नाही. माझी औषधं तीन: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, सिटाग्लिप्टिन. २०२२मध्ये भारतात पेटंट संपल्यापासून सिटाग्लिप्टिन जेनेरिकमध्ये फार स्वस्त झालंय. दर फेरीत घेऊन येतो. वापरत नाही त्या गोष्टीचे पैसे मी का भरू?

पारिजातक

आजची तीन औषधं पाहून पार्ट डी ठरवू नये, निळूभाऊ. तो घ्यायचा तो न झालेल्या आजारासाठी. रक्ताच्या कॅन्सरच्या गोळ्या किंवा संधिवाताची बायोलॉजिक इंजेक्शनं इथे वर्षाला हजारो डॉलरची असतात. पार्ट डी असेल तर यंदा प्लॅनमध्ये बसणाऱ्या औषधांवर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त २,१०० डॉलर जातील, त्यापुढे शून्य. ही मर्यादा २०२२च्या कायद्याने आली. २०२५ला ती २,००० होती. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही, नागिणीची लस फुकट. तुमचंच सिटाग्लिप्टिन इथे जानुव्हिया नावाने महिना ५२७ डॉलरला होतं, सरकारने वाटाघाटी करून यंदा जानेवारीपासून मेडिकेअरसाठी ११३वर आणलं.

आजार झाल्यावर घेईन म्हणाल, तर नोंदणी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर आणि लागू १ जानेवारीला. निदान फेब्रुवारीत झालं तर वर्ष हातातून गेलं. शिवाय दंड आहेच: विनाविमा प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय आधार प्रीमियमच्या (दंड मोजायला सरकार दरवर्षी ठरवतं ती रक्कम) एक टक्का. हा आधार प्रीमियम यंदा ३८.९९ डॉलर आहे, म्हणजे तीन वर्षं थांबलात तर महिना सुमारे १४ डॉलर, जन्मभर. स्वस्तातला स्वस्त प्लॅन घ्या, पण घ्या.

निळू फुलोरा

दंड ऐकून घाबरलो नसतो, पण फेब्रुवारीच्या निदानाचं खरंय. ऑक्टोबरात बघतो. औषधं मात्र पुण्याहूनच आणणार.

ओवी

आणा, पण इथल्या डॉक्टरांच्या यादीत ती नोंदवा. बेशुद्ध येणाऱ्या रुग्णाच्या कागदावर काहीच नसतं आणि घरचे सांगतात, "त्या पांढऱ्या गोळ्या घेतात."

चैत्रपालवी (मिशिगन)

माझा प्रश्न वेगळा आहे. आईबाबा माझ्याकडे ग्रीनकार्डवर राहतात, दोघं सत्तरीच्या पुढचे. इथे कधी नोकरी नाही. त्यांना यातलं काय मिळतं? बाबांची भारतातली ३५ वर्षांची नोकरी धरतात का?

पारिजातक

भारतातली नोकरी धरत नाहीत, दोन देशांमध्ये सोशल सिक्युरिटीचा करारच नाही. पण ग्रीनकार्डवर सलग पाच वर्षं इथे राहिले की दोघांना मेडिकेअर विकत घेता येतं. पार्ट ए यंदा महिना ५६५ डॉलर, त्यावर बी, म्हणजे एका माणसाचे ७६७.९०. हे जड वाटलं तर नुसता पार्ट बी घेता येतो आणि त्यावर पार्ट डीही मिळतो. मेडिगॅप आणि ॲडव्हान्टेजला मात्र ए आणि बी दोन्ही लागतात. नुसत्या बीवर हॉस्पिटलच्या भरतीचं बिल उघडं राहतं, ती मोठी जोखीम आहे. पाच वर्षं व्हायची असतील तर तोवर मार्केटप्लेसचा (सरकारी विमाबाजारातला) प्लॅन बघा. आणि आईबाबा मध्ये सहा-आठ महिने रत्नागिरीला राहून आले असतील तर त्या तारखा पासपोर्टवरून काढून ठेवा, "सलग" या अटीवर अर्ज अडकतात.

चैत्रपालवी

मागच्या वर्षी आजीच्या आजारपणात आई सात महिने चिपळूणला होती. तारखा काढते.

ओवी

त्या तारखा घेऊन तुमच्या राज्यातल्या शिप (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी सेवा) समुपदेशकाकडे जा. प्रत्येक राज्यात ही सेवा फुकट आहे, आमच्याकडे तिला हायकॅप म्हणतात. ते प्लॅन विकत नाहीत, त्यामुळे कमिशनसाठी ढकलत नाहीत. ऑक्टोबरात त्यांच्याकडे गर्दी उसळते, वेळ आधीच घ्या.