‘विचार सोडून द्या’ म्हणजे नेमकं काय करायचं?

झोप लागत नसेल तर एक सल्ला मिळतो: मन लवचिक असेल तर झोप आपोआप येते, म्हणून रात्री विचार काढून टाकावेत. इथेच गफलत होते. विचार गेले का हे आपण तपासत बसतो आणि त्या पहाऱ्यानेच मेंदू जागा राहतो. लवचिकता म्हणजे विचार असू देणं.

‘उद्या ६ची लोकल चुकणार’ऐवजी ‘लोकल चुकेल असा विचार आलाय’ असं मनात म्हणा. जबडा आवळलाय, छाती धडधडतेय, तिकडे फक्त लक्ष द्या. घड्याळ आणि मोबाइल नजरेआड. अंदाजे २० मिनिटांत झोप नाही लागली तर उठा (मिनिटं मोजू नका). वन रूम किचनमध्ये जाणार कुठे, हा प्रश्न खराच आहे. ओट्याजवळ खुर्ची आणि मंद दिवा पुरतो. डोळे जड झाले की परत गादीवर. उठायची वेळ रविवारीही तीच.

बहुतेकांचं बिनसतं ते ‘स्वीकारलं, आता ये झोप’ या सौद्यामुळे. तो स्वीकार नव्हे, झोपेशी चाललेली तीच झटापट. दुसरी चूक दिवसाची: झोप नीट झाली नाही म्हणून ठरलेली कामं रद्द करणं, दुपारी दोन तास आडवं होणं. त्याने रात्रीची झोपेची भूक मरते. थकवा असतानाही ठरलेलं थोडं तरी करा.

मात्र जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा दिवसा डुलक्या येणं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे मनाचे व्यायाम पुरत नाहीत.