मारेंगोला आता तरी माती द्यावी का?

धागाकर्ता:
वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोडा कोपनहेगन १८३६ मध्ये ड्यूकच्या स्ट्रॅटफिल्ड से या इस्टेटीतल्या कुरणात म्हातारा होऊन मेला. त्याला लष्करी इतमामात पुरलं. नेपोलियनचा म्हणून ओळखला जाणारा घोडा मारेंगो वॉटर्लूनंतर इंग्रजांच्या हाती लागला आणि १८३१ मध्ये मेला. त्याची हाडं जोडून उभी केली, एका खुराची तपकिरीची डबी केली. सांगाडा आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. लढाई माणसांची होती. त्या मुक्या जिवाची विटंबना थांबवा, त्याला माती द्या.

प्रतिसाद १:
साफ असहमत. आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनच्या त्या प्रसिद्ध चित्रात घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. प्रत्यक्षात १८०० मध्ये स्वारी खेचरावरून गेली! चित्रं अशी फसवतात. सांगाडा सांगतो की हे अरबी जनावर खांद्यापाशी दीड मीटरही भरत नव्हतं. शिवाय नेपोलियनच्या तबेल्याच्या नोंदींत ‘मारेंगो’ हे नावच सापडत नाही, बहुधा ते टोपणनाव असावं. कागद गप्प आहेत, आता हाडंही मातीत घालायची?

धागाकर्ता:
हाडं शिकवतात, मान्य. पण बघणारे त्यांचं काय करतात? अमेरिकेत यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या जनरल लीचा घोडा ट्रॅव्हलर १८७० मध्ये धन्याच्या अंत्ययात्रेत चालला. पुढच्याच वर्षी पायात खिळा घुसला, धनुर्वात झाला, शेवटी गोळी घालावी लागली. पुरलेला घोडा पुन्हा उकरून काढला आणि लेक्सिंग्टनच्या कॉलेजात सांगाडा मांडला. तिथले विद्यार्थी नशीब उजळावं म्हणून त्या हाडांवर आपली आद्याक्षरं कोरत. चाकूने, हाडावर! १९७१ मध्ये कुठे त्याला तिथल्याच ली चॅपेलबाहेर माती मिळाली. वाचून पोटात कालवलं माझ्या.

प्रतिसाद २:
हा दोष राखण न करणाऱ्यांचा. पुरल्याने तरी मान राहतो का? कोपनहेगनला पुरतानाच त्याचा एक खूर कोणीतरी कापून नेलेला आढळला, ड्यूक संतापला होता. म्युझियममध्ये निदान काच असते, निगा असते.

प्रतिसाद ३:
मी धागाकर्त्याच्या बाजूने. खूर गेल्यावर ड्यूक संतापला, यातच उत्तर आहे. वॉटर्लूच्या रात्री दिवसभराची दौड संपवून तो उतरला, घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, तर कोपनहेगनने अशी लाथ झाडली की ड्यूक थोडक्यात वाचला. त्या खोडीसकट त्याने घोडा शेवटपर्यंत सांभाळला. पुढे कोपनहेगनचा सांगाडा मारेंगोशेजारी ठेवायला मागितला, तेव्हा कुठे पुरलाय ते आठवत नाही म्हणून त्याने सरळ टोलवलं. जनावर ज्याने जवळून ओळखलं, त्याने ते काचेमागे जाऊ दिलं नाही.

प्रतिसाद १:
ड्यूकचा निर्णय मला पटतो, तो त्याचा घोडा होता. मारेंगोसाठी नाही म्हणायला कोण होतं? नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत १८२१ मध्येच वारला, घोड्याच्या दहा वर्षं आधी.

धागाकर्ता:
म्हणून तर आपण म्हणायचं.